परसदार

मार्केट यार्डाच्या शेजारी घर असले की माणसाला पंचांगाची फारशी गरज पडत नाही. झेंडूच्या ढिगांनी रस्ता पिवळा झाला की दसरा आला, बोरे आणि हरभऱ्याचे डहाळे दिसू लागले की संक्रांत जवळ आली, आणि आंब्याच्या पेट्यांतले गवत वाऱ्यावर उडू लागले की मुलांच्या परीक्षा संपत आल्या, हे आम्हा गुलटेकडीच्या माणसांना न सांगता कळते. वारही तसेच. शनिवारी भाजीबाजाराला सुट्टी, त्यामुळे त्या सकाळी उगीच चुकल्यासारखे होते. रविवारी मात्र पुरती पहाट व्हायच्या आत ट्रकांचे भोंगे, हमालांच्या आरोळ्या आणि ओल्या कोथिंबिरीचा वास असे सारे मिळून खिडकीतून आत येते.

भूगोलही मी शाळेपेक्षा इथेच अधिक शिकले. बटाटा आग्र्याहून आणि इंदूरहून येतो, लसूण मध्य प्रदेशातून, शेवग्याच्या शेंगा आंध्र-तमिळनाडूतून. शेवगा! ज्या झाडाची फांदी नुसती मातीत खोचली तरी फुटते, त्याच्या शेंगांनी दोन-दोन राज्ये ओलांडून यावे याची मला मोठी मौज वाटते. तुम्ही म्हणाल, ही बाजाराची थट्टा चालली आहे. तसे नाही. माझे शिक्षण या बाजारावर झाले. दिवे घाटापलीकडे, पुरंदर तालुक्यात आमचे गाव. तिथून वडील आणि त्यांच्यामागे दादा माल पाठवीत आले. कधी कोथिंबीर-मेथी, कधी टोमॅटो. रात्री टेम्पो भरायचा, पहाटे गाळ्यावर उतरायचा, आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा होऊन उरलेल्या रकमेची पट्टी हाती यायची. त्या पट्टीवर आमच्या घराची सुखदुःखे ठरत. बरी पट्टी आली की वडील येताना खाऊचा पुडा आणीत. वाईट आली की ते अंगणातच बसून राहत आणि आई त्यांना लवकर हाक मारीत नसे.

पण या बाजाराची एक गंमत अशी की, तो गावातून भाजी नेतो आणि गावालाच ती परत विकतो. आमच्या आठवडे बाजारात बसणाऱ्या एका बाईंना मी एकदा विचारले, "मावशी, ही भाजी कुठल्या मळ्यातली?" त्या म्हणाल्या, "मळ्यातली कुठली, बाई! पहाटे पुण्याला जाते, मार्केट यार्डातून उचलते." त्याच दिवशी शेजारच्या काकूंनी बाजारातून आणलेली कोथिंबिरीची जुडी दादाने हातात घेऊन उलटसुलट पाहिली. जुडी बांधायची त्याची एक खास तऱ्हा आहे. तो हसून म्हणाला, "अगं, ही आपलीच की!" म्हणजे आमच्या विहिरीपासून दोनशे पावलांवरच्या चुलीपर्यंत पोचायला त्या कोथिंबिरीने दोनदा दिवे घाट ओलांडला होता. सारे हसले. मीही हसले. पण काकूंनी त्या जुडीचे जे पैसे मोजले ते दादाच्या पट्टीतल्या भावाच्या किती पट होते, हे कळल्यावर हसू अंमळ कमी झाले.

ही फेरी आमच्या घराला मात्र कधी घालावी लागली नाही, कारण आमच्या घराला परस होते. ‘होते’ म्हणताना जीव थोडा धास्तावतो. त्याचे कारण पुढे येईलच.

परस म्हणजे बाग नव्हे. बागेला आखणी असते, परसाला सवय असते. मोरीचे पाणी जिकडे वाहते तिकडे अळू आणि केळ. चुलीची राख पडते तिथे दोडक्याचे आळे. कुंपणावर घेवडा, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता, भिंतीला टेकून दुध्याचा वेल, आणि मधल्या चार वाफ्यांत माठ, चुका, चाकवत, अंबाडी, ज्या ऋतूत जे येईल ते. घोळ कुणी लावीत नाही. ती आपली आपण येते आणि घरच्यासारखी राहते. यांतले पुष्कळसे मार्केट यार्डातही मिळते. पण भोपळ्याची फुले नि शेवग्याचा कोवळा पाला ट्रकात बसून घाट उतरत नाहीत. खुडल्यापासून कढईपर्यंत ज्यांना फार तर तासभर धीर धरवतो अशा भाज्या परसातच जन्मतात आणि परसाबरोबरच जातात. आजच्या मुलांना त्यांची चव आवडत नाही असे नाही; ती त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

आपल्या सणांनी तर प्रत्येक घराला परस असणार हे गृहीतच धरले होते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा दंडक. मग खायचे काय? तर हाताने खणलेल्या मातीत जे उगवले ते. वर्षातून एका दिवसासाठी का होईना, घरामागे चार वेल असलेच पाहिजेत, अशी ही सक्ती होती. तिची धार्मिक बाजू मला फारशी कळत नाही, पण ज्या कुणी हा नियम घातला त्याला शेतीतले चांगले कळत असावे. हल्ली ऋषिपंचमीची भाजी पुण्यात तयार वाटे करून मिळते. बैलाचे कष्ट तिला लागत नाहीत हे खरेच. ट्रॅक्टरचे आणि टेम्पोचे लागतात. नरकचतुर्दशीला पायाखाली चिरडायचे कारीटसुद्धा, जे कुंपणावर फुकट लोंबायचे, ते आपण पैसे देऊन घरी आणतो.

आईमागे परस वहिनीकडे आले. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत दादाला त्याची अडचण नव्हती. मग त्याने स्वतःचा टेम्पो घेतला, क्रेट वाढले, आणि माल निवडायला, भरायला सावली हवी म्हणून शेड घालायचे त्याच्या मनात आले. रस्त्याला लागून सोयीची जागा एकच, परसाची. २०१९ च्या भाऊबीजेला जेवणे झाल्यावर त्याने हिशेब मांडला. दादाचा हिशेब बिनचूक असतो. "चार वाफ्यांत महिन्याला फार तर हजाराची भाजी निघते," तो म्हणाला, "शेड झाली तर एका हंगामात तेवढा माल खराब व्हायचा वाचेल." यात खोटे काहीच नव्हते. वहिनी भांडी आवरता आवरता एवढेच म्हणाली, "वन्सं, तुम्ही ओवाळणीत परस मागा. मला नाही देणार, तुम्हांला देतील." दादा म्हणाला, "तिला साडी घेतलीय." साडी चांगली होती. निर्णय उन्हाळ्यावर गेला.

उन्हाळा आला तो २०२० चा. मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि एप्रिलात मार्केट यार्डातला भाजीबाजारही बंद ठेवावा लागला. आमच्या खिडकीतून रोजच शनिवार आत येऊ लागला. गावी दादाची कोथिंबीर कापणीला आलेली. तिच्यावर त्याने रोटाव्हेटर फिरवला. मला फोनवर सांगताना तो कोथिंबिरीबद्दल काही बोलला नाही, नुसते "रान मोकळे केले" म्हणाला. आठवडे बाजार बंद. ज्यांच्या शेतात टोमॅटो होता त्यांनी टोमॅटो खाल्ला, ज्यांच्या शेतात ऊस होता त्यांनी काय खावे? ज्या गावातून रोज रात्री टेम्पो भरून भाजी निघत असे, त्या गावात भाजी नव्हती.

वहिनीच्या परसात होती. तिने ते आठ-दहा आठवडे साऱ्या आळीला भाजी पुरवली असे मी म्हणणार नाही. चार वाफे ते किती! पण रोज कुणाकडे माठाची मूठ, कुणाकडे दोन दोडकी, कुणाकडे शेवग्याचा पाला, असे जात राहिले. पैसे तिने घेतले नाहीत. परत येताना वाटीत ताक यायचे, कधी अंडी, कधी डाळ. पावसाच्या तोंडाला बायका बी मागायला आल्या. वहिनीची उतरंड आहे. तिच्यातल्या गाडग्यांत राखेत घोळलेले बी असते. त्या वर्षी सात घरांनी बी नेले. त्यांतल्या तीन घरी आज परस टिकून आहे.

सातांतली तीन, हे मला कमी वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनकरांनी टॉवरच्या खंदकातसुद्धा भाज्या लावल्या होत्या. युद्धानंतर तिथे पुन्हा हिरवळ आली. निकडीने लावलेली भाजी निकड संपली की बहुधा जाते. टिकते ती बियाने. आणि बी हीच खरी अडचणीची गोष्ट आहे. दुकानातले संकरित बी दर वर्षी नवे घ्यावे लागते, कारण त्याच्या फळातले बी पेरले तर पहिल्यासारखे फळ धरेल याचा भरवसा नसतो. घरचे बी मात्र कुणीतरी दर वर्षी लावले तरच जगते. मध्ये काही वर्षे खाडा झाला, की आईच्या आईपासून आलेला काळ्या दाण्याचा घेवडा गेला. तो मार्केट यार्डात शोधून सापडायचा नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हे फार आधी ओळखले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावरान वाण गोळा केले, बायफ संस्थेच्या साह्याने बियाणे बँक उभी केली, आणि बायकांना परसबागेसाठी बी दिले. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचे नाव आले. वहिनीने त्यांचे भाषण फोनवर पाहिले. मडक्यांच्या ओळी दिसल्या तशी ती खुदकन हसली आणि म्हणाली, "बघा वन्सं, सरकारने त्यांना पद्मश्री दिली, आणि तुमचे दादा मला शेड देतायत."

शेड झाली. मी परस ओवाळणीत मागितले की नाही, हा आम्हा बहीणभावांतला प्रश्न आहे. दादाने आपणहोऊन पत्रे तीन हात रस्त्याकडे सरकवले. दोन वाफे गेले, दोन राहिले, केळ हलवावी लागली. वहिनीने एका शब्दाने विरोध केला नाही. पुढच्या पावसाळ्यात तिने शेडच्या मागच्या खांबापाशी दुध्याचे आळे केले. वेल पत्र्यावर चढला, पसरला आणि पुढच्या बाजूने खाली उतरला. गेल्या भाऊबीजेला गेले तेव्हा शेडच्या तोंडाशीच हातभर लांबीचा एक दुध्या लोंबत होता. क्रेट घेऊन आत जाताना दादाला दर खेपेस मान वाकवावी लागते. "हा उतरवून टाक की," तो चिडून म्हणाला.

वहिनीने दुध्याच्या देठाकडे बोट दाखवले. तिथे साडीच्या काठाची लाल चिंधी बांधली होती.

"तो बियाणाचा आहे," ती म्हणाली.