मुक्काम

द्वितीय वर्ष, कला

आमच्या घरामागच्या बाभळीखाली एक गाडी चार वर्षे उभी होती. महिंद्राची पिकअप, २००९ सालची. तिच्या हौद्यात आई सरपण ठेवी. बॉनेटखाली मांजरीने दोनदा पिले घातली. दर दिवाळीला भंगारवाला येई, लोखंडाचा भाव सांगे, आणि आण्णा त्याला दर वेळी एकच उत्तर देत, “पुढच्या वर्षी बघू.”

गंगापूर रोड म्हटले की आपल्या वर्गातल्या मित्रांच्या डोळ्यांसमोर उंच इमारती, क्लासेस आणि कॉफीची दुकाने उभी राहतात. आमचे घर याच रस्त्यावर, पण सोमेश्वरच्या पुढे. माझ्या लहानपणी तिथून धरणाकडे जाताना द्राक्षांचे मांडव आणि टोमॅटोची वावरे दिसत. नाशिकला मुंबईची परसबाग म्हणतात; पण या परसबागेतली भाजी मुंबईच्या स्वयंपाकघरापर्यंत जाते कशी, याचा विचार सहसा कुणी करीत नाही. ती आण्णांसारखी माणसे रात्री नेतात. संध्याकाळी गिरणाऱ्याला क्रेट भरायचे, अंधार पडल्यावर कसारा घाट उतरायचा आणि वाशीच्या बाजारात जाऊन गाडी लावायची. मुंबईचा भाजीचा घाऊक बाजार १९९६ साली भायखळ्याहून वाशीला गेला. आण्णांनी पाहिला तो वाशीचाच, आणि तोही बहुतेक काळोखात.

२०२० साली टाळेबंदी आली. खेपा बंद पडल्या, देणी थकली. पुढच्या वर्षी गाडीचा विमा संपला, फिटनेस संपले, आणि गाडी बाभळीखाली गेली ती गेलीच. आण्णा एका इमारतीवर रात्रपाळीचे वॉचमन झाले. ज्या वावरातून त्यांनी एके काळी टोमॅटो भरले होते, त्याच वावरावर ती इमारत उभी आहे.

हे मी कॉलेजात कुणालाही सांगितले नव्हते. वडील काय करतात, असे कुणी विचारले की मी म्हणे, “ट्रान्सपोर्टमध्ये आहेत.” घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्या पायरीवर पाय घट्ट रोवायला हे एवढेसे असत्य मला आधार वाटत होते. पण असत्याला पाय फुटतात! गेल्या वर्षी, २०२५ च्या पावसाळ्यात, मित्रांनी वाघेरा किल्ल्याच्या पायथ्याशी कॅम्पिंगचा बेत केला आणि एकजण सहज म्हणाला, “तुझ्याकडे गाडी असेलच की!”

घरी येऊन मी भीत भीत आण्णांपुढे विषय काढला.

“क्यांपिंग म्हंजे काय?”

“रात्री बाहेर झोपायचं, आण्णा. तंबूत.”

“का? घरी जागा न्हाई का त्यांना?”

मी उत्तर दिले नाही. आण्णाही काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर ते झोपायला न जाता बाभळीकडे गेले आणि हौद्यातले सरपण खाली काढू लागले.

दिवाळीची सुट्टी गाडीत गेली. मला वाटले होते, आधी इंजिन सुरू करायचे. आण्णांनी चारही चाके उतरवली. म्हणाले, “जी गाडी सुरू होत न्हाई ती दारात उभी ऱ्हाते. जी थांबत न्हाई तिचं काय? आधी ब्रेक.” ब्रेकची रबरे फुगून निकामी झाली होती. टायरांना भेगा पडल्या होत्या. उंदरांनी वायरिंग कुरतडले होते. टाकीतून निघालेले जुने डिझेल काकवीसारखे काळे होते. ओळखीच्या मिस्त्रींनी वायरिंग करून दिले, बाकी सगळे आम्ही बापलेकांनी केले. माझी दहावीपासूनची शिष्यवृत्तीची शिल्लक बॅटरीत आणि टायरांत गेली.

डिझेलच्या नळीत हवा अडकली की इंजिन काही केल्या पेटत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून आण्णांनी मला हातपंप दाबायला लावला. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांवाचून शुद्ध धार. “आता आवळ.” चावी फिरवली. गाडी दोनदा कण्हली, तिसऱ्यांदा पांढऱ्या धुराचा लोट सोडून थरथरत जागी झाली. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. आण्णा बॉनेटवर तळहात ठेवून, मान वाकडी करून नुसते ऐकत राहिले. डॉक्टर छातीचे ठोके ऐकतो ना, तसे.

पुढे विमा, पर्यावरण कर, नव्या पद्धतीची नंबरप्लेट, फिटनेस. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेसचा दाखला दर वर्षी घ्यावा लागतो. सगळे कागद हाती यायला डिसेंबर उजाडला. आण्णांची सुट्टी रविवारी रात्री, म्हणून मुक्काम रविवारचा ठरला. हौद्यात माणसे बसवायला आण्णांनी साफ नकार दिला. “हा मालाचा हौदा हाये. कायद्यानं बी न्हाई आन् माझ्यानं बी न्हाई.” मित्र मोटारसायकलींवर निघाले, तंबू, भांडी आणि मी गाडीत.

गिरणारे मागे पडले, धोंडेगाव गेले. वाघेऱ्याजवळ डांबर सोडून आम्ही ओळखीच्या शेतकऱ्याच्या माळाकडे वळलो. चढाला भुसभुशीत मातीत मागची चाके जागीच फिरू लागली. आण्णांनी खाली उतरून चार गोणपाटांत मुरूम भरायला लावला आणि पोती हौद्यात मागच्या बाजूला टाकली. “रिकामी गाडी मागं हलकी पडते. वजन टाकलं की चाक माती धरतं.” गाडी सरळ वर चढली. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, “काका, हे तर खरं ऑफ-रोडिंग!” मी अर्थ सांगितला. आण्णा हसले. “आपल्या वावराला रस्ता होता कधी?”

मी वाचनालयात वाचले होते की जीप ही दुसऱ्या महायुद्धासाठी बनलेली गाडी. महिंद्रांची कंपनी १९४५ साली निघाली आणि १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जोडणी करू लागली. जगात कितीतरी लोक असल्या गाड्या हौसेने आडवाटेला घालतात. ही विद्वत्ता मी शेकोटीजवळ पाजळत होतो. तेवढ्यात एका मित्राने आण्णांना विचारले, “काका, तुमचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय मोठा आहे का?”

डिसेंबरच्या त्या थंडीत मला घाम फुटला. आण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिले. सारे त्यांच्या ध्यानात आले असावे. निखारा सारखा करीत ते शांतपणे म्हणाले, “होता. या एका गाडीचा. आता मी वॉचमन हाये, आपल्या गंगापूर रोडला.”

कुणी हसले नाही. थोड्या वेळाने त्याच मित्राने विचारले, “रात्री भरलेली गाडी घाटातून उतरवायची कशी, काका?” आण्णा सावरून बसले. ज्या गेअरमध्ये घाट चढतो त्याच गेअरमध्ये उतरायचा, इंजिनानेच गाडी धरायची, ब्रेक तापू द्यायचे नाहीत... तासभर ते बोलत होते. आमचे आण्णा इतके बोलतात, हे मला एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हते.

तंबूत झोपायला ते तयार झाले नाहीत. ताडपत्री घेऊन हौद्यात गेले. रात्री तीनच्या सुमारास मला जाग आली. आण्णा हौद्यात उठून बसले होते.

“झोप येत न्हाई का?”

“या टायमाला बाजार जागा व्हायचा. क्रेटवर जरा डोळा लागला की कुणीतरी फळी ठोकायचं, ‘उठा, माल उतरवा.’ आता फाटकावर हॉर्न वाजतो.” ते थांबले. मग म्हणाले, “आज कोण उठवणार हाये?”

मी तंबूतली गोधडी आणली आणि त्यांच्याशेजारी आडवा झालो. “आण्णा, मी मित्रांना खोटं सांगितलं होतं.” “म्हाईत हाये,” ते म्हणाले, आणि ताडपत्रीचे टोक माझ्या अंगावर ओढले. थोड्याच वेळात त्यांचा श्वास संथ झाला.

सकाळी मित्रांनी आवराआवर केली, मोटारसायकली सुरू केल्या, उशीर होतोय म्हणून मला खुणा केल्या. ऊन हौद्याच्या फळीवरून आण्णांच्या तोंडावर आले, तरी ते गाढ झोपलेले होते. मी मित्रांना पुढे जायला सांगितले.

सोमवारचा पहिला तास बुडाला. त्या तासाच्या सरांची या लेखाच्या निमित्ताने मनापासून क्षमा मागतो. सर, आण्णांना उठवणे मला जमले नाही.