अनणसुख : देणे नसण्याचे सुख

कर्ज फेडणारा माणूस पैशाने नंतर थकतो, लाजेने आधी थकतो. आईच्या ऑपरेशनसाठी काढलेला ओव्हरड्राफ्ट आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी आम्ही दोन वर्षे मानधनातून फेडतो आहोत. लाज कशाची? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमीन मिळू दिली नाही, त्यांच्याकडे तारण नसते आणि म्हणून त्यांच्या वाट्याला महाग कर्ज येते. हा नशिबाचा भोग नव्हे, जातिव्यवस्थेची वसुली आहे.

पण व्यवस्थेला दोष देऊन हप्ता चुकत नाही. २०,००० रुपयांवर महिना साडेतीन टक्के म्हणजे ७०० रुपये व्याज. ‘किमान रक्कम’ म्हणून १,००० भरले, तर कर धरता मुद्दल ३०० रुपयांनीही कमी होत नाही. म्हणून सर्वांत महाग कर्ज आधी, हा आमचा नियम. दर महिन्याला उरलेला आकडा आम्ही वहीत लिहितो. तो घटताना दिसला की पुढच्या महिन्याचे बळ येते.

तथागतांनी अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत अनणसुख आहे, म्हणजे कोणाचे देणे नसण्याचे सुख. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. मग घरातल्या रुपयाचा हिशेब विहारात उघडपणे का बोलू नये?

जयभीम!