अंगणवाडीतली एस.टी.

सेविकांच्या प्रशिक्षणात ‘प्रवासाचा कोपरा मांडा’ असं सांगितलं की हमखास विमान निघतं. भिंतीवर निळं आकाश, पुठ्ठ्याचे पंख, वर ‘विमानतळ’ अशी पाटी. मुलं येतात, हात लावून बघतात, फोटो निघतो आणि खेळ तिथंच आटोपतो. विमानात बसल्यावर करायचं काय, हे जव्हार-मोखाड्यातल्या चार वर्षांच्या मुलाला कुठून ठाऊक असणार? सोंग आणायचं तर तो माणूस आधी बघितलेला लागतो. या मुलांनी कंडक्टर बघितलाय, टपापर्यंत भरलेली जीप बघितलीय आणि बिऱ्हाड घेऊन निघालेला ट्रकही. म्हणून माझा आग्रह एवढाच, की कोपरा त्यांच्या रस्त्याचा असू द्या.

मांडणीला खर्च नाही. रोजची बसकरं दोन-दोनच्या रांगेत, मधे कंडक्टरला फिरायला वाट. पुढे ड्रायव्हरचा पाट आणि बांबूच्या कामट्या वाकवून बांधलेलं स्टिअरिंग. भिंतीलगत, मुलांच्या डोक्याच्या वर पण हात पुरेल अशी दोरी आणि तिला घुंगरू : एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. जुन्या कॅलेंडरची तिकिटं. पैशांना चिंचोके सुचतात, पण तीन वर्षांची मुलं ते नाकात घालतात. तिथे पुठ्ठ्याच्या मोठ्या चकत्याच बऱ्या. जव्हार, मोखाडा, खोडाळा अशा पाट्या, अक्षरांशेजारी चित्र. बाकी फडकी, टोपल्या, रिकामी खोकी नुसती ठेवून द्यायची. खोक्याचं काय करायचं ते मुलं ठरवतील.

या ‘नुसतं ठेवण्या’ला आपल्याच पालघर जिल्ह्यात परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हाताशी धरले. स्वतः माँटेसरीबाईंना मात्र कल्पनेच्या खेळाचं फारसं अप्रूप नव्हतं; मुलांना खरं काम द्या, असं त्यांचं म्हणणं. इथे मी सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांच्या बाजूचा. १९३३ सालच्या त्यांच्या व्याख्यानात काठीचा घोडा करणारं मूल आहे. वस्तूपासून अर्थ सुटा करायला मूल तिथे शिकतं, आणि पुढे अक्षर वाचताना त्याला तेच करायचं असतं.

वायगॉट्स्कींचा दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा : खेळात मोकळीक असते तितकाच नियमही असतो. मनुइलेन्को या सोव्हिएत संशोधिकेला दिसलं, की एरवी क्षणभरही स्थिर न राहणारी मुलं पहारेकरी झाली की बराच वेळ जागची हलत नाहीत. मोखाड्याच्या लोकांना हे कुणी समजावायला नको. बोहाड्याच्या उत्सवात देवाचा मुखवटा चढवला की कालचा शेजारी देवासारखाच चालतो, आणि लोक त्याला हात जोडतात. बसमधल्या कंडक्टरचंही तसंच. एका अंगणवाडीत गळ्यात पिशवी अडकवलेली पोरगी सगळ्यांची तिकिटं फाडत होती. ‘आयां’ना तिने कागद मधोमध फाडून अर्धा दिला, आजोबा झालेल्याला फुकट बसवलं. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. तिने ते आईच्या मांडीवर बसून टिपलेलं. अर्धं म्हणजे किती, हे वेगळं शिकवायची गरज उरली नव्हती. शिवाय सगळा कारभार घरच्या वारलीत चाललेला. सेविकेने मधेच ते प्रमाण मराठीत दुरुस्त केलं असतं, तर गाडी तिथंच बंद पडली असती.

आता थोडं अवघड. दिवाळी झाली की इथली अनेक कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. त्या दिवसांत कोपऱ्यात गाठोडी वाढतात. तवा, पातेलं, टोपलीतली कोंबडी, धाकटं भावंड. काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, यावर मुलांची चक्क भांडणं होतात. मोठ्यांना ते बघवत नाही. “भट्टीवर कशाला? सहलीला जाऊ या ना!” असं सेविका प्रेमानंच म्हणते. म्हणू नये. जे घरात कुणी मुलाला समजावून सांगत नाही, ते मूल इथे स्वतः मांडून बघत असतं. “कुठं निघालात?” एवढं विचारावं आणि जागा मिळाली तर प्रवासी होऊन बसावं. कुणाचं घर निघायच्या बेतात आहे याचा अंदाजही इथेच येतो. मग घरी जाऊन खात्री करून स्थलांतराची नोंद वेळेत केली, तर भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्या मुलाच्या आहारासाठी पाठपुरावा करता येतो.

पर्यवेक्षिकांना माझी एकच विनंती. कोपरा कसा सजवलाय याचा फोटो मागू नका. सेविकेने दहा मिनिटं बाजूला बसून, मुलं काय बोलली ते त्यांच्याच बोलीत वहीत उतरवलंय का, ते विचारा. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यात काय वाढवायचं आणि काय उचलायचं, ते त्या वहीतून ठरतं.