चार, दोन, पाच, एक, तीन

आठवडी बाजारात भंगारवाल्यानं अंथरलेल्या पोत्यासमोर मी उकिडवा बसलो की ओळखीचे लोक बघून न बघितल्यासारखं करतात. निवृत्त मास्तर माणूस, भाजी घ्यायची सोडून गंजकी कुलपं चिवडतोय, हे त्यांना बरं दिसत नाही. भंगारवाल्याला माझी सवय झाली आहे. सायकलीच्या चेनी, स्टोव्हचे बर्नर, जळालेल्या मोटारीचं तांबं यातून तो कुलपं आधीच बाजूला काढून ठेवतो. सगळी बंद. एखाद्याच्या दांडीत कापलेल्या कोयंड्याचा तुकडा अजून अडकलेला असतो. किल्ली हरवली, घरच्यांनी चार दिवस शोधली, शेवटी ब्लेड आणून कोयंडाच कापला. कुलपानं मात्र काही सोडलं नाही, ते आपला तुकडा धरून बसलंय. असलं कुलूप मी भाव न करता घेतो, आणि भंगारवाल्याला ते ठाऊक असल्यामुळे तोही भाव चढवूनच सांगतो.

घरी आल्यावर कुलूप रात्रभर वाटीत डिझेलमध्ये बुडवायचं. सकाळपर्यंत वाटीच्या तळाला लाल गाळ बसतो. मग कोरी किल्ली, कानस, शिकंजा, आणि शाळेत मुलांना तीस वर्षं शिकवलेलं व्हर्निअर. बायकोनं माझ्यासाठी न्हाणीशेजारची कोपऱ्यातली जागा मुक्रर केली आहे. पितळेचा कीस चपातीत आला त्या दिवसापासून.

लिव्हरच्या कुलपाच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या एकीवर एक रचलेल्या असतात. प्रत्येकीला एक बारीक स्प्रिंग, प्रत्येकीत एक खाच. किल्ली फिरली की तिचा एकेक दात एकेका पट्टीला उचलतो, आणि सगळ्या खाचा एका ओळीत आल्या की बोल्टाची खुंटी त्यांतून सरकते. एक पट्टी कमी उचलली तर कुलूप उघडत नाही. जास्त उचलली तरीही नाही. वर्गात मी जन्मभर कमी पडणाऱ्या पोरांवर ओरडलो. जास्त केल्यानंही तितकंच अडतं, हे पोरांनी मला सांगायचा प्रयत्न केला असेल, पण समजलं ते कुलपाकडून.

या पट्ट्यांच्या स्प्रिंगा गंजतात आणि तुटतात. मग किल्ली बरोबर असूनही कुलूप हटून बसतं. वकिली सोडून दिलेल्या अर्देशर गोदरेजांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं करायला घेतली आणि पुढे स्प्रिंगच नसलेलं कुलूप काढलं. त्या माणसाचं मोठेपण मला पुस्तकातून नाही, वाटीतल्या लाल गाळातून कळलं.

माझ्या वहीत प्रत्येक कुलपाचा आकडा आहे. किल्लीवरची सर्वांत उथळ खाच एक, सर्वांत खोल ती पाच. पाच पट्ट्या आणि पाच पायऱ्या धरल्या तर ३,१२५ वेगवेगळ्या किल्ल्या होतात. सात पट्ट्या असतील तर ७८,१२५. हे कागदावर. प्रत्यक्षात त्यातल्या कित्येक गाळाव्या लागतात, कारण सगळ्या खाचा सारख्याच असलेली किल्ली म्हणजे एक सपाट पट्टीच. आणि स्वस्तातल्या कुलपांचं तर बोलायलाच नको. माझ्या पुढच्या दाराची किल्ली शेजाऱ्याच्या कुलपाला लागते. हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आकड्यांचं हे खूळ माझं. हाताला पहिलं वळण लावलं ते नांदेडकडून येणाऱ्या एका शिकलकरी सरदारजीनं. सायकलीच्या हँडलला किल्ल्यांचं भलं मोठं कडं, त्याची खणखण गल्लीच्या तोंडाशी आली की घराघरांतून बंद पेट्या बाहेर यायच्या. शिकलकरी म्हणजे मूळचे शस्त्रं घडवणारे, त्यांना धार आणि झिलई देणारे. गुरू गोविंदसिंगांच्या काळाशी ते आपलं नातं सांगतात, आणि गुरूंचा शेवट १७०८ मध्ये आमच्या मराठवाड्यातच, नांदेडला झाला. तलवारींचं काम संपलं, हातात कानस राहिली. त्याच्या पाठीमागे लोक काय बोलायचे तेही मी ऐकलेलं आहे. ज्याला कुलूप उघडता येतं त्याच्याकडे आपण आधी कामाला जातो आणि मग संशयानं बघतो.

तो कोरी किल्ली चिमणीच्या ज्योतीवर धरून काजळीनं काळी करायचा, कुलपात घालून हलकेच दाब द्यायचा, बाहेर काढून उन्हात तिरपी धरायचा. काळ्यावर कुठेतरी बारीकसा चमकता ठिपका उमटलेला असायचा. पट्टी तिथं टेकली. त्या जागी कानशीचे दोन हात, पुन्हा काजळी, पुन्हा दाब. ठिपका उमटायचा थांबला की ती खाच झाली. मी मध्येच किल्ली घेऊन मोजायला बसलो तेव्हा त्यानं व्हर्निअर हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, "मास्तर, ये क्या चाय हिलाने का है?"

एकदा सीमेपलीकडे आळंदला गेलो असताना एका दुकानात मी मोडक्या कन्नडमध्ये कीली मागितली. मला किल्ली हवी होती, दुकानदारानं कुलूप काढून समोर ठेवलं. त्या भागातल्या कन्नडमध्ये कीली म्हणजे कुलूप, आणि किल्लीला कीलिकै, म्हणजे कुलपाचा हात. आमच्या 'कुलूप' शब्दाची मुळं अरबी-फारसीत आणि 'चावी' पोर्तुगिजांकडची. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत राहिलेल्या आमच्या गावाला हे सगळेच शब्द घरचे वाटतात. मला आवडतो तो मात्र कुलपाचा हात. लोखंडाच्या गोळ्यापेक्षा त्याचा हातच कुणाच्या तरी कमरेला फिरत असतो.

छंद म्हणून कुलपं करणारे मोठे लोकही झाले. फ्रान्सचा सोळावा लुई राजवाड्यात कानस घेऊन बसायचा. गामँ नावाचा कारागीर त्याचा उस्ताद. पुढे क्रांतीत राजानं त्याच्याकडून भिंतीत एक लोखंडी कपाट करून घेतलं, आणि १७९२ मध्ये गामँनंच त्याची खबर सरकारला दिली. आतली कागदपत्रं राजाविरुद्ध पुरावा झाली. जानेवारी १७९३ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. मी हे घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "तुमचा उस्ताद बरा, चहाच पिऊन गेला."

मावशीची किल्ली माझ्याकडे आली ती दोन वर्षांपूर्वी. मावशी माझ्याहून सहा-सात वर्षांनीच मोठी. तिला दिलेलं गाव सास्तूरकडचं. १९९३ च्या सप्टेंबरात ती, काका आणि कडेवरचं पोरगं आमच्याकडे मुरुमला विसर्जन बघायला आली होती. घराला कुलूप घालून, किल्ली कमरेच्या पिशवीत. मिरवणूक संपवून आम्ही उशिरा झोपलो आणि ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी घर गदागदा हललं. आमची एक भिंत फुगली, देवळीतलं तेल सांडलं, एवढंच. किल्लारी-सास्तूरकडे काय झालं ते उजाडल्यावर कानावर यायला लागलं.

तिकडची घरं आमच्यासारखीच होती. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, भिंतीत धान्याचं बळद, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात त्या मातीखाली किती गार वाटतं ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती माती अंगावर आली म्हणजे काय, हे समजेल. मावशीच्या घरात त्या रात्री कुणी नव्हतं. शेजारच्या घरांना आतून कड्या होत्या, तिच्या घराला बाहेरून कुलूप होतं. ती याविषयी कधी बोलत नाही. मीही इथं इतकंच लिहितो.

भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागेवर बसवली. रुंद रस्ते, सुटी सुटी घरं, शेजारणीला हाक मारायची तर घसा खरवडावा लागतो असं मावशी म्हणते. जुन्या घराचं सागवानी दार ढिगाऱ्यात कुठं गेलं कळलं नाही, कुलूपही गेलं. किल्ली नव्या घरात खिळ्याला टांगलेली राहिली. काका गेले, पोरगं बाप झालं, रंग दिला तेव्हा खिळा बदलला. मी कुलपं करतो हे तिच्या कानावर गेलं तेव्हा तिनं ती काढून माझ्या हातात दिली. "बघ बाबू, ह्याचं कुलूप हुडकून मिळतंय का."

मिळणार कुठून? पण मी रात्री सवयीनं व्हर्निअर लावलं. चार, दोन, पाच, एक, तीन. वहीत लिहिलं आणि पेन तसंच धरून बसलो. इतकी वर्षं मी बंद कुलपावरून किल्ली काढत आलो होतो. हे उलट होतं, आणि उलट जास्त सोपं. किल्लीवरची खाच जिथं खोल, तिथं पट्टी कमी उचलली जाणार, म्हणजे पट्टीतली खाच तितकी वर हवी. उथळ तिथं खाली. मातीत गेलेल्या कुलपाच्या पोटातल्या पाचही पट्ट्यांची मापं तिच्या खिळ्याला तीस वर्षं लटकत होती.

त्याच घडणीचं एक कुलूप पोत्यावर सापडायला चार बाजार लागले. खोललं, जुन्या पट्ट्या काढल्या, पितळेच्या पत्र्यातून नव्या कापल्या. पहिल्या दोन सरळ बसल्या. पाचाची तिसरी पट्टी दोनदा बिघडली. केसभर जास्त घासली गेली की खुंटी अडखळते, आणि घासलेलं पितळ परत येत नाही. सरदारजी असता तर व्हर्निअर बाजूला ठेव म्हणाला असता. तिसऱ्या खेपेला मी ते ठेवलंही, आणि काजळी लावली. पाच पट्ट्या एका ओळीत आल्या तेव्हा आतून आवाज आला तो अगदीच साधा, डब्याचं झाकण बसावं तसा.

नव्या गावात गेलो. मावशी अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं पदराला हात पुसले, किल्ली घातली, फिरवली. दांडी उडाली. तिनं ती दाबून लावली, पुन्हा उघडली. नाकाशी नेऊन वास घेतला.

"तेल लई घातलंस."

मी म्हटलं, पुढच्या दाराला लावू का. ती म्हणाली दाराला हाय की चांगलं, हे शेतातल्या मोटारीच्या पेटीला लावायचं, स्टार्टर चोरीला जायलेत. मग कुलूप मांडीवर ठेवून थोडा वेळ काही बोलली नाही. सुपातली ज्वारी तशीच राहिली, दोन चिमण्या येऊन गेल्या.

"दुसरी किल्ली करून दे," ती म्हणाली.

"ही आहे की."

"एकीनं कसं भागंल? लाईट रातचीच येतीय. पोरगं दोन वाजता पाणी द्यायला जातंय. मी का किल्ली घेऊन बांधावर बसू?"

संध्याकाळी मुरुमला परतलो. वही उघडायची गरज नव्हती. कोरी किल्ली शिकंज्यात धरली आणि पहिल्या खाचेला कानस लावली, चारला.