देवी, दुधी काच आणि बाबांचा उजवा डोळा

"काच काळी पडलीय रे याची," बाबा म्हणाले. २०२४ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. रोल धुऊन आला होता आणि ३६ पैकी जेमतेम पाच फोटो धड होते. बाकी सगळीकडे टेंभी नाक्याची देवी आपली धुक्यात बसल्यासारखी!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव १९७८ साली आनंद दिघ्यांनी सुरू केला. घटस्थापनेला कळव्याहून देवीची मिरवणूक निघते आणि नाक्यावर येते. ढोल-ताशे, गुलाल, आणि स्टेशनकडून येणाऱ्या बिचाऱ्या बसवाल्यांचे शिव्याशाप. माझे बाबा दरवर्षी तिचे फोटो काढतात. फिल्मवर. १९९३ साली बोरा बाजारातून जुनाच घेतलेला निकॉन एफएम२, ५० मि.मी. एफ/१.८ लेन्स, आणि ४०० चा ब्लॅक अँड व्हाइट रोल १६०० समजून वापरायचा. "मोबाइलवर काढा की" हे वाक्य आमच्या घरात एकदाच उच्चारलं गेलंय. मीच उच्चारलं होतं. असो.

आता मी पडलो इंजिनिअर. प्रॉब्लेम कानावर आला की तो समजून घेण्याआधी सोल्यूशन शोधायला लागणं हा आमचा व्यवसायरोग. "काच काळी पडली" म्हणजे फोकसिंग स्क्रीन अंधूक झाली, म्हणजे ब्राइट स्क्रीन आणायची. तिकीट क्लोज. (प्रत्यक्षात आणायला २०२५ चा जुलै उजाडला, तेही आमच्या व्यवसायाला धरूनच.)

एसएलआर कॅमेऱ्यात आपण डोळा लावून जे बघतो ते थेट लेन्समधून दिसत नसतं. लेन्समधून आलेला उजेड आरशावर आपटून वर जातो आणि एका छोट्या दुधी काचेवर चित्र उमटतं. ती काच म्हणजे फोकसिंग स्क्रीन. वरच्या प्रिझममधून आपण त्या काचेकडे बघत असतो. बाथरूमच्या खिडकीची काच आणि ही, जात एकच. उजेड अडवून सगळीकडे विखरायचा. त्यातला बराचसा डोळ्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून रात्री व्ह्यूफाइंडर विहिरीसारखा वाटतो.

एफएम२ (१९८२ चा) बरोबर जी स्क्रीन येते ती के२. मध्ये स्प्लिट इमेज, म्हणजे वस्तू दोन तुकड्यांत कापलेली दिसते आणि फोकस झाला की तुकडे जुळतात. भोवती मायक्रोप्रिझमचं चमचमणारं कडं, आणि बाकी दुधी काच. बी२ मध्ये हे काही नाही, मध्ये नुसती दुधी काच आणि एक वर्तुळ. ई२ वर उभ्याआडव्या रेघा. २००१ मध्ये एफएम३ए आला तेव्हा निकॉनने के३, बी३, ई३ अशा जरा उजळ स्क्रीन काढल्या, त्याही एफएम२ मध्ये बसतात. त्याशिवाय परदेशात लोक दुसऱ्या कॅमेऱ्यांच्या उजळ स्क्रीन कापून, घासून आपल्या मापाच्या करून विकतात. मी त्यातली एक मागवली. का? तर वर्णनात "ब्राइट" हा शब्द तीनदा होता.

बदलणं सोपं आहे. लेन्स काढायची, आत वरच्या बाजूला बारीक खिट्टी असते ती चिमट्याने ओढायची, चौकट खाली लोंबते, जुनी स्क्रीन काढून नवी ठेवायची. काचेला बोट लावायचं नाही. मी लावलं. तेही असो.

आणि काय सांगू, दिवाळी! रात्री नऊ वाजता बाल्कनीतून समोरच्या बिल्डिंगमधला माणूस कुठलं चॅनेल बघतोय ते दिसायला लागलं. बाबांनी डोळा लावला आणि म्हणाले, "वा! हे काम झालं." मला प्रमोशन मिळाल्यासारखं वाटलं.

मग आम्ही एका रविवारी संध्याकाळी तलावपाळीला गेलो. भेळवाले, बोटी, कोपिनेश्वराच्या बाजूचे फुलवाले. अर्धा रोल त्यांनी, अर्धा मी. आठवड्याने निगेटिव्ह स्कॅन होऊन आल्या. माझे साताठ फोटो बरे. बाबांचा एकही नाही. शिवाय सगळाच रोल किंचित अंडर.

अंडर का ते पटकन कळलं. एफएम२ चा मीटर प्रिझमपाशी बसून याच स्क्रीनवरचा उजेड मोजतो. स्क्रीन उजळ झाली की मीटरला वाटतं, बाहेर उजेड वाढला! निकॉनची स्वतःची के३ घातली तरी साधारण एक तृतीयांश स्टॉपचा फरक पडतो. माझ्या कापीव काचेने अर्ध्याच्या आसपास पाडला. आयएसओची चकती तेवढी खाली फिरवली की झालं. (एफ३ मध्ये ही भानगड नाही, त्याचा मीटर खाली बॉडीत आहे.)

पण फोकसचं काय? पहिला संशय जाडीवर. लेन्सपासून आरशामार्गे स्क्रीन आणि लेन्सपासून फिल्म ही दोन अंतरं तंतोतंत सारखी लागतात, नाहीतर डोळ्याला फोकस एकीकडे दिसणार आणि फिल्मवर दुसरीकडे पडणार. तपासायची युक्ती: कॅमेरा ट्रायपॉडवर, मागचं दार उघडं, फिल्म जिथे ताणून बसते तिथे बटर पेपर चिकटवायचा, शटर 'बी' वर उघडं धरायचं आणि भिंगातून बघायचं. समोर तिरकी ठेवलेली पट्टी. पट्टीवरचा जो आकडा व्ह्यूफाइंडरात टोकदार, तोच बटर पेपरवर टोकदार. म्हणजे काच निर्दोष! आई मधे येऊन विचारून गेली की शंकरपाळ्यांसाठी ठेवलेला बटर पेपर कुणी घेतला.

मग ज्याने डोळे उघडले तो प्रयोग अगदी साधा होता. एफएम२ ला लेन्सशेजारी डेप्थ ऑफ फील्ड बघायची एक दांडी असते. ती दाबून धरली की छिद्र खरोखर लहान होतं. एफ/१.८ वरून २.८ ला आलो तर उजेड निम्म्याहून कमी होतो, म्हणजे चित्र दणकून काळं पडायला हवं. जुन्या के२ वर ते दिसतं तरी. नव्या स्क्रीनवर? जवळजवळ काहीच नाही!

याचा अर्थ काय? उजळ स्क्रीन उजेड निर्माण करत नाही. ती उजेड सगळीकडे न विखरता सरळ डोळ्याकडे ढकलते. ते करताना लेन्सच्या कडेकडून तिरका येणारा उजेड ती आपल्याला दाखवतच नाही. आणि एफ/१.८ ची सगळी गंमत, सगळी नाजूक फोकसची धार, त्या कडेच्या उजेडातच असते. म्हणजे लेन्स उघडी १.८ ला, पण आपण बघतोय साधारण २.८ चं चित्र. दोन मीटरवर ५० मि.मी. लेन्सला एफ/१.८ वर नीट दिसणारी खोली आहे सुमारे १७ सें.मी. आणि २.८ वर सुमारे २७. व्ह्यूफाइंडरात देवीची नथ आणि मुकुट दोन्ही छान दिसतात, फिल्मवर दोघांपैकी एकच येतं. चित्र उजळ झालं, पण फोकसमधलं आणि बाहेरचं यातला फरक पुसट झाला. मी उजेड विकत घेतला होता आणि बदल्यात नेमकेपणा देऊन बसलो होतो.

उजळ स्क्रीन वाईट, असं नाही. एफ/४, ५.६ चे झूम वापरणाऱ्यांना ती वरदान आहे. तिथे स्प्लिट इमेजचा अर्धा गोल काळा पडतो, कारण त्या प्रिझमला लेन्सच्या दोन टोकांचा उजेड लागतो आणि छोट्या छिद्रात ती टोकंच नसतात. पण १.८ लेन्स आणि रात्र असेल तर जुन्या स्प्लिट इमेजसारखं दुसरं काही नाही. मुकुटाची एक उभी कड पकडायची आणि जोडायची. आजूबाजूला अंधार असला तरी चालतो.

एवढं सगळं मी बाबांना मोठ्या उत्साहात समजावलं, के२ परत बसवली, भिंतीवरचं कॅलेंडर समोर धरलं आणि म्हटलं, "बाबा, रेघ जुळवा."

ते जुळवत राहिले. पुढे, मागे, पुढे. "जुळली," म्हणाले. मी बघितलं. तारखेचा आकडा चांगला बोटभर तुटलेला होता.

"डाव्या डोळ्याने बघा."

डाव्याने पहिल्या फटक्यात जुळली.

गप्प बसलो दोघंही. बाबा बत्तीस वर्षं उजवा डोळा लावतायत. मी त्यांच्या कॅमेऱ्याची काच बदलली, मीटर मोजला, बटर पेपर लावला, आणि माणूस तेवढा तपासायचा राहिला! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, चांगला पिकत आलेला. डाव्यात नुकती सुरुवात. म्हणजे काच काळी पडली होती हे खरंच होतं. बाबांचं निदान बरोबर, मीच चुकीची काच बदलली.

"ऑपरेशन दसऱ्यानंतर," बाबा म्हणाले. आईने बरंच ऐकवलं. काही उपयोग नाही.

२०२५ ची घटस्थापना सोमवारी, २२ सप्टेंबरला. मी हाफ डे टाकला. बाबा डावा डोळा लावत होते, आणि इथे एफएम२ ची एक जुनी खोड नडते: फिल्म ओढायची दांडी थोडी बाहेर काढल्याशिवाय शटर दबतच नाही, आणि ती बाहेर आली की डावा डोळा लावणाऱ्याच्या कपाळात घुसते. मिरवणूक नाक्यावर पोचेपर्यंत गुलालाच्या शेजारी त्यांच्या भुवईच्या वर लाल वळ उठला होता. गर्दीत त्यांचा दंड धरून उभा राहणं एवढंच माझं काम. ३६ पैकी २१ फोटो नीट आले. गेल्या दहा वर्षांतला हा त्यांचा विक्रम नव्हे, पण त्यांनी मोजले दोनदा.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. नवी लेन्स लांबचं बघायला बसवलेली, म्हणून आयपीसला फिरवून लावायची एक करेक्शन लेन्स शोधून आणली. तिच्यावर आकडा शून्य! निकॉनची व्ह्यूफाइंडरमध्ये मुळातच उणे एकची पॉवर असते आणि लेन्सवरचा आकडा ती धरून लिहितात, त्यामुळे शून्याची लेन्सही काम करते. दुकानदाराला हे पटवायला वीस मिनिटं गेली.

महिन्याभराने डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर बाबांनी बाल्कनीत उभं राहून उजवा डोळा लावला. स्क्रीन तीच, १९९३ पासूनची के२. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डोळा न काढताच म्हणाले,

"काच पुसलीस का रे?"