रिमांडच्या तारखा

४ जुलै २०२५, शुक्रवार
सोमनाथ सूर्यवंशी प्रकरणी आठवड्याच्या आत गुन्हा नोंदवा, असा आदेश आज औरंगाबाद खंडपीठाने दिला. बाररूममध्ये दुपारभर दुसरा विषय नव्हता. डिसेंबरात परभणीला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीचा बंद चिघळला, धरपकड झाली. त्यात सापडलेला हा पस्तिशीचा, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आहे. आईने तीन दिवसांत तक्रार दिली होती. ती नोंदवून घ्यायला उच्च न्यायालय लागलं.

८ जुलै
रिमांडला एक पोरगा होता, चोरीचा संशयित. दंडाधिकारी साहेबांनी नेहमीचा प्रश्न केला, "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे?" पोरगा मान खाली घालून "नाही" म्हणाला. त्याचा दंड धरून उभा असलेला शिपाई रात्री त्याला परत त्याच लॉकअपमध्ये नेणार होता. बाहेर मी विचारलं तर म्हणाला, "वकीलसाहेब, रात्री तुम्ही येणार का तिथं?"
परभणीबद्दलही विधानसभेत हेच सांगितलं गेलं होतं : दंडाधिकाऱ्यांनी विचारलं, त्याने मारहाण झाली नाही म्हटलं. या 'नाही'ला पुरावा मानणाऱ्यांनी एकदा रिमांडच्या वेळी कोर्टात येऊन बसावं.

३० जुलै
सूर्यवंशी प्रकरणातल्या आदेशाविरुद्धचं राज्य सरकारचं अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं. आता तपास. पुढे दोषारोपपत्र, साक्षीदार. खरी चढण तिथून सुरू होते.

१० ऑगस्ट, रविवार
जुने अहवाल काढून बसलो. कोठडीत जखमा झाल्या आणि त्या वेळी माणूस पोलिसांच्या ताब्यात होता एवढं सिद्ध झालं, की त्या पोलिसांनीच केल्या असं न्यायालयाला गृहीत धरता यावं, यासाठी पुरावा कायद्यात ११४ ब हे कलम घाला, अशी शिफारस विधी आयोगाने ११३व्या अहवालात केली. साल १९८५. कारण साधं आहे : चार भिंतींच्या आत जे घडतं त्याचे साक्षीदार एक तर आरोपीचे सहकारी, नाही तर स्वतः कैदी. १९९५ साली श्यामसुंदर त्रिवेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावलं. तरी २०२३ला पुरावा कायदा नव्याने लिहिला तेव्हा ते कलम आलं नाही.
हे अशक्य नव्हतं. देसाईगंजच्या चौकीत १९७२ साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९७८ला निर्दोष सुटकेने संपला. चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली ११४ अ आलं : कोठडीतल्या बलात्कारात 'संमती नव्हती' असं बाईने सांगितलं, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचं. 'अ' पदरात पडलं, 'ब' चाळीस वर्षं अडून आहे.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
घरात गणपती बसले. संध्याकाळी केरळची बातमी आली. उदयकुमारला २००५ साली तिरुवनंतपुरमच्या फोर्ट पोलिस ठाण्यात लोखंडी पाइप मांड्यांवर फिरवून मारल्याचा आरोप पोलिसांवर होता. त्याच्या आईने तेरा वर्षं लढा दिला, तेव्हा २०१८ला सीबीआय न्यायालयाने दोन पोलिसांना फाशी सुनावली. आज उच्च न्यायालयाने तपासातल्या त्रुटींवर बोट ठेवून सगळ्यांना सोडलं. पुरावा तोकडा असेल तर शिक्षा होऊ नये, हे मी बचावाच्या बाजूने रोज सांगतो आणि मला ते मान्यच आहे. पण इथे पुरावा गोळा करायचा तो पोलिस ठाण्यातूनच. म्हणून तर ११४ ब हवं.

२ सप्टेंबर
जुलैत रिमांडला आलेल्या त्या पोराच्या आईला बोलावून अर्ज लिहून घेतला : ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. परमवीर सिंह सैनी निकालाप्रमाणे ते निदान वर्षभर तरी राखायला हवं. सोबत वैद्यकीय तपासणीच्या कागदांची मागणी. डी. के. बसू निकालापासून कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी तपासणी सक्तीची आहे. यापुढे प्रत्येक पहिल्या रिमांडला हे दोन्ही अर्ज मी तयार नेणार, अशील 'नाही' म्हणाला तरीही.