भाईची गाडी आणि दारातली वाट

मे 2024 च्या सुट्टीत मी तीन आठवडे बर्मिंगहॅमला भाईकडे राहून आले. निघताना अम्मीने दोनच गोष्टी बजावल्या. भाभीला स्वयंपाकघरात हात लाव, आणि भाईची नवी गाडी नीट बघून ये. ही गाडी चिपळूणच्या आमच्या साऱ्या खानदानाने व्हिडिओ कॉलवर पाहिली होती. विजेवरही चालते आणि पेट्रोलवरही, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

भाई स्पार्कहिलमध्ये राहतो. स्ट्रॅटफर्ड रोडवर कापडाची, मिठाईची, हलाल मांसाची दुकानं एकाला एक लागून आहेत. दुकानाच्या दारात उभं राहिलं तर पाच मिनिटांत उर्दू, पंजाबी, बंगाली, अरबी सगळं कानावर पडतं. आत वळलं की लाल विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा. आपल्या चाळीसारखी भिंतीला भिंत, फक्त प्रत्येक घराला स्वतःचं दार आणि जिना. दार उघडलं की दोन पावलांवर फुटपाथ, त्यापलीकडे रस्ता. अंगण नाही, गाडी आत घ्यायला जागा नाही. शंभर वर्षांपूर्वी ही घरं बांधली तेव्हा गाडी कुणाकडे होती!

या गल्लीत भाईची गाडी म्हणजे खेड्यातल्या घरात आलेला मोठा फ्रीज. उभी केल्यावर आरसे मिटावे लागतात. दुधाची व्हॅन आली की भाई खिडकीतून डोकावतो. पण आत बसलं की सगळं विसरायला होतं. आसनं ऊबदार होतात, थंडीत निघण्याआधीच मोबाइलवरून गाडी गरम करून ठेवता येते, आणि विजेवर असताना चाकांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही.

पहिल्या शनिवारी भाईने गाडीचं तंत्र समजावलं. पेट्रोलचं इंजिन, शिवाय विजेची मोटर आणि साधारण 18 युनिटांची बॅटरी. ती भिंतीतल्या साध्या सॉकेटवर लावली तर भरायला आठेक तास लागतात. कागदावर ती 40 मैलांहून जास्त, म्हणजे 65 किलोमीटर चालते. प्रत्यक्षात 50 धरावेत. ब्रेक मारला की थोडी वीज परत बॅटरीत जाते. भाईचं ऑफिस सॉलिहलच्या पलीकडे, एका बाजूने 20 किलोमीटर. म्हणजे रोज एकदा बॅटरी भरली तर आठवडाभर पेट्रोल लागू नये.

सोमवारी सकाळी भाचीला शाळेत सोडायला मी सोबत गेले. गल्लीच्या तोंडाशीच इंजिन घुरघुरलं. मंगळवारीही तेच. बुधवारी बाजाराच्या पिशव्या ठेवायला डिकी उघडली, तर कोपऱ्यात चार्जिंगची केबल. जाड पिशवीत, वेटोळं न सुटलेली. मास्तरणीची सवय, जेवताना विचारलंच, "भाई, गाडी शेवटची चार्ज कधी केलीस?"

भाभी हसली. भाई हसला नाही.

"दोन महिने झाले असतील," तो म्हणाला. "तुला काय कळणार इथलं!"

रात्री त्यानेच चहा केला आणि सगळं सांगितलं. गाडी कंपनीने दिलेली. अशा गाडीच्या किमतीचा काही हिस्सा इथे नोकरदाराचं उत्पन्न धरून त्यावर कर लावतात. 2024-25 साली तेवढीच मोठी पेट्रोल गाडी असती तर तो हिस्सा 37 टक्क्यांपर्यंत गेला असता. विजेवर 40 मैल जाणारी म्हणून भाईला फक्त 8 टक्के. निव्वळ विजेच्या गाडीला 2 टक्के. वर पेट्रोलचं कार्ड कंपनीचं आणि विजेचं बिल घरचं. मग केबल पिशवीतून बाहेर कशाला येईल?

हे एकट्या भाईचं नाही. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने आणि आयसीसीटी या वाहतूक संशोधन संस्थेने 2022 मध्ये युरोपातल्या अशा गाड्यांचा हिशेब मांडला. स्वतः विकत घेतलेल्या गाड्या कागदावरच्या आकड्याच्या सुमारे तिप्पट इंधन पितात आणि कंपनीच्या गाड्या सुमारे पाचपट, असं त्यांना आढळलं. कारण साधं. बॅटरी रिकामी असली की ही दोन टनांहून जड गाडी पेट्रोलवर चालते, आणि बॅटरीचं ओझंही वाहते.

"मग सवलत कसली घेतोस?" मी म्हटलं. शब्द जरा कडकच गेला.

भाई थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सुरुवातीला लावत होतो. खिडकीतून केबल काढून फुटपाथवरून गाडीपर्यंत. वर रबराची पट्टीही टाकायचो. शेजारचे आयरिश आजोबा वॉकर घेऊन पहाटे फिरायला निघतात. एकदा त्यांच्या वॉकरचं चाक पट्टीला अडलं. पडले नाहीत, पण भिंत धरून कितीतरी वेळ उभे राहिले. मला बोलले काहीच नाहीत. त्या दिवशी केबल गुंडाळली, ती गुंडाळलीच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचे अब्बा वाटेतला दगड, काचेचा तुकडा, काटेरी फांदी दिसली की थांबून बाजूला करायचे. बाजारातून येताना हातात दोन पिशव्या असल्या तरी एक खाली ठेवायचे. त्यांच्या मुलाने दुसऱ्याच्या वाटेत वायर टाकायला नको होती, हे भाईने बरोबर ओळखलं. पण केबल गुंडाळून ठेवली म्हणून सवलतीचा हिशेब मिटत नाही, हेही तितकंच खरं. एक हक शेजाऱ्याचा, दुसरा सगळ्यांचा. धूर शेवटी याच गल्लीतल्या मुलांच्या छातीत जातो.

इंग्लंडमध्ये यावर उपाय निघू लागले आहेत. लंडनमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना सॉकेट बसवली आहेत. काही ठिकाणी फुटपाथमध्ये बारीक खाच पाडून केबल आतून नेऊ देतात. भाईच्या गल्लीत मात्र मला यातलं काही दिसलं नाही.

गुरुवारी रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो, लहानपणी गणितं सोडवायचो तसे. ऑफिसच्या आवारात चार्जिंगचे दोन खांब आहेत. ते नेहमी अडलेले, कारण सकाळी लावलेली गाडी संध्याकाळपर्यंत कुणी हलवत नाही. भाईच्या गाडीला तिथे पाच तास पुरतात. तिथे भरलं तर घरी येणं 20 आणि दुसऱ्या दिवशी जाणं 20, म्हणजे 40. घरी केबल काढायची गरजच नाही! भाईने तिथल्या तिथे ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: मी सकाळी आठला लावून दुपारी एकला काढीन, नंतर कुणाला हवं? दहा मिनिटांत तिघांची उत्तरं आली.

शुक्रवारी ऑफिसातून भरलेली गाडी घेऊन शनिवारी आम्ही शेक्सपियरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला गेलो. दुतर्फा हिरवी शेतं, मेंढ्या, आणि गाडीत फक्त भाचीची बडबड. गाव जवळ आलं तेव्हा इंजिन जागं झालं. भाची ओरडली, "फुफी, संपली!" परतीची वाट पेट्रोलवर झाली, ते आम्ही हिशेबात धरलंच होतं.

येताना भाईने सॉलिहलच्या लँड रोव्हर कारखान्याची दिशा दाखवली. 2008 पासून ती कंपनी टाटांची आहे, आणि त्याच महिन्यात बातमी होती की रेंज रोव्हर आता पुण्यातही तयार होणार. अशा गाड्या आपल्याकडे फार थोड्यांना परवडतील. पण केबलचा प्रश्न आपल्या दारात केव्हाच आला आहे. मुंब्र्याला मावशीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरून स्कूटरसाठी सोडलेली वायर मी पाहिली आहे. खाली मुलं खेळतात, पावसाळ्यात पाणी साचतं. सोसायटीने मिळून तळमजल्यावर एक नीट मीटर आणि सॉकेट घेतलं तर काम होईल. त्यासाठी फक्त कुणीतरी वही घेऊन बसायला हवं.

परतीच्या दिवशी पहाटे, फजरनंतर निघालो. गाडी आवाज न करता गल्लीतून सरकली. आयरिश आजोबा वॉकर घेऊन फुटपाथवर होते. वाट मोकळी होती. भाईने काच खाली करून हात वर केला, त्यांनीही केला.

घरी आल्यावर अम्मीने पहिला प्रश्न विचारला, "गाडी कशी आहे?"

"छान आहे," मी म्हटलं. "आता चार्जही होते."